तान्ह्यांचे ताटकळणे

प्रतिपालकत्वाचे, म्हणजे मूल दत्तक न घेता सांभाळण्याचे, नियम केंद्राने २०२४ साली बरेच सैल केले. आता एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला मिळते, आणि सांभाळलेले मूल दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे, ती दोनवर आली. चांगलेच झाले. पण ही सोय सहा वर्षांवरच्या मुलांची. त्याहून लहानांना शक्यतो थेट दत्तकच द्यावे, असे आपले धोरण. कागदावर ते उदात्त दिसते. शिशुगृहात मात्र असेही मूल असते, ज्याची आई दोन-तीन महिन्यांतून एकदा येऊन जाते. मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करत नाही आणि त्याला घरीही नेत नाही. ते मूल दत्तक देण्यास मोकळे ठरत नाही, लहान म्हणून कोणाच्या घरीही जात नाही. आयांच्या पाळ्या बदलतात, तसतशी त्याला कडेवर घेणारी माणसे बदलतात. बाहेर दत्तकेच्छुकांची रांग वाढतच असते.

इंग्लंडने यावर तोडगा काढला आहे. दत्तक पालक म्हणून आधीच पारखलेल्या जोडप्याकडे तान्हे मूल सोपवायचे, पण केवळ सांभाळायला. २०१४ च्या कायद्याने हा पर्याय विचारात घेणे तिथल्या स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. मूल कोणाकडे राहील, याचा निकाल न्यायालयाने २६ आठवड्यांत द्यावा, अशी अपेक्षा. तोवर मुलाला जन्मदात्या आईच्या भेटीला नेऊन आणायचे. निकाल तिच्या बाजूने लागला, तर लळा लागलेले मूल परत द्यायचे. हे क्रूर आहे खरेच. पण अनिश्चितता कोणाला तरी सोसावी लागणारच असेल, तर ती मोठ्यांनी सोसावी, हा हिशेब मला पटतो.

धोका वेगळ्याच जागी आहे. मूल सुस्थितीतल्या, दत्तकासाठी आसुसलेल्या घरात रुळले, की गरीब आईचे पारडे सुनावणीआधीच हलके होते. तिथेही हा आक्षेप घेतला जातो. आणि तिथे अशा खटल्यात आईवडिलांना, उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील तरी मिळतो. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. मुलाचा निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे पदर सावरत उभ्या असलेल्या बाईला हे सांगायचे कोणी, याबद्दल मात्र सगळी आळीमिळी गुपचिळी! म्हणून सहा वर्षांची अट काढायची असेल, तर जरूर काढा. पण त्याच कलमात, पहिल्या सुनावणीपासून आईसोबत वकील असेल, हेही लिहा.