फाट्यावरचे उतारू

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजूर हे गणपतीचे क्षेत्र आहे. अंगारकी चतुर्थीस तेथे एवढी माणसे लोटतात, की एस. टी.ला जादा गाड्या सोडाव्या लागतात. त्या दिवशी गाडी मिळेल की नाही याची चिंता फारशी कोणास पडत नाही. गर्दीच गाडीला ओढून आणते. परंतु अंगारकी काही रोज येत नाही. एरव्ही जिल्ह्यातल्या एखाद्या फाट्यावर, बाभळीच्या विरळ सावलीत, चारसहा माणसे उभी असतात. पाठीशी दप्तर घेतलेल्या दोन मुली, दवाखान्यात निघालेली म्हातारी, तिचा हात धरलेला नातू आणि तहसील कचेरीत द्यावयाचा कागद पिशवीत जपून ठेवलेला एखादा शेतकरी. गाडीचा मार्ग बदलण्याचा प्रश्न निघतो तेव्हा पहिला विचार व्हावयास हवा तो या चारसहा माणसांचा. आणि बहुधा तोच सर्वांत शेवटी होतो.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, 1932 साली, तेथील रेल्वे खात्याने 27 मोटारगाड्या घेऊन उतारूंची वाहतूक सुरू केली. मुंबई प्रांतात 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पहिली एस. टी. धावली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि येथील गाड्याही त्याच कारभारात सामील झाल्या. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे या संस्थेचे ब्रीद आहे. ते गाडीवर रंगविणे सोपे. वेळापत्रकात उतरविणे मात्र कठीण असते.

ते कठीण का, हे जालना जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. 1 मे 1981 रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यात तालुके आठ आहेत आणि एस. टी.ची आगारे मात्र चार : जालना, अंबड, परतूर व जाफराबाद. तेव्हा मंठा, घनसावंगी किंवा भोकरदन तालुक्यातील एखाद्या खेड्यातून सकाळची पहिली गाडी सोडावयाची, तर ती दूरच्या आगारातून पहाटे रिकामीच तेथवर न्यावी लागेल. तेवढे तेल आणि तेवढा वेळ फुकट जावयाचा. या अडचणीवर जुन्या माणसांनी एक शहाणा तोडगा काढला होता, तो म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटचे उतारू घेऊन गाडी गावात येते, देवळापाशी किंवा पारापाशी उभी राहते, चालक व वाहक गावातच निजतात आणि उजाडताच तीच गाडी दुधाच्या किटल्या, विद्यार्थी व बाजारकरी घेऊन तालुक्याकडे निघते. रिकामी फेरी वाचते आणि गावालाही रात्री-अपरात्री भरवसा वाटतो. अशा गावात घड्याळ नसले तरी चालत असे. गाडीचे यंत्र घरघरले, की शाळेच्या मुलांनी आंघोळ उरकलेली असावयाची.

आता मार्ग बदलू पाहणाऱ्यांची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. फाट्यापासून तीन किलोमीटर आत असलेल्या गावी गाडी जाऊन परत येते, तेव्हा सहा किलोमीटरचे तेल जळते आणि पंधरावीस मिनिटे जातात. गाडीत चाळीस उतारू असतील, तर गावातल्या पाचांसाठी पस्तीस जणांना थांबावे लागते. त्या पस्तिसांत एखादा आजारी माणूस छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात निघालेला असू शकतो. गाड्या जुन्या झालेल्या, माणसे कमी, आणि तोटा तर दरवर्षी डोक्यावर. अशा स्थितीत आगारातील अधिकारी सरळ मार्ग सुचवितो, तो केवळ दुष्टपणाने सुचवितो असे म्हणणे अन्यायाचे होईल.

लांब पल्ल्याच्या गाड्यांपुरते त्याचे म्हणणे मान्यही करावे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी मुंबईच्या बाजूपर्यंतचा 701 किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. नागपुराकडे निघालेल्या गाडीने तो का धरू नये? परंतु त्या महामार्गास दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. ठरावीक ठिकाणांखेरीज तेथे चढता येत नाही की उतरता येत नाही. हात दाखवून गाडी थांबविण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून लांबच्या गाडीने नवी वाट धरली, तर जुन्या रस्त्यावरील बदनापूरसारख्या गावांसाठी दुसरी गाडी आधी उभी केली पाहिजे. दुसरी गाडी न देता मार्ग बदलणे याचे नाव सुधारणा असू शकत नाही.

कमी उत्पन्नाची फेरी तोडली म्हणजे तोटा तेवढाच कमी होतो, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. इंग्लंडात 1963 साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी सुमारे 8,000 किलोमीटर लांबीचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. लहान फाटे तोट्यात होते, हे खरेच होते. परंतु त्या फाट्यांवरून येणारा उतारू पुढे मोठ्या गाडीतही बसत असे. फाटा बंद होताच तो मोठ्या स्थानकापर्यंत जाऊन गाडी पकडीना; त्याने रेल्वेच सोडली. तोटा काही अपेक्षेप्रमाणे हटला नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरोहून दक्षिणेस जाणारा एक मार्ग 1969 साली बंद झाला होता. त्याचा काही भाग 2015 साली पुन्हा बांधून सुरू करावा लागला. जालन्याच्या खेड्यातही निराळे घडत नाही. सकाळची गाडी बंद झाली, की माणूस काळीपिवळीत दाटीवाटीने बसतो किंवा मोटारसायकल काढतो, आणि मग पुढच्या प्रवासालाही त्याला एस. टी. आठवत नाही.

मोटारसायकल ज्याच्या घरी आहे त्याचे निभते. नसलेल्यांत मुली पहिल्या. गावात शाळा सातवीपर्यंत असेल, तर आठवीसाठी दुसऱ्या गावी जावे लागते. मुलगा सायकल काढील, कोणाच्या मागे बसेल. मुलीला मात्र अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचविणारी गाडी हवी. शासनाने ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास दिला आहे, मानव विकास कार्यक्रमातून त्यांच्यासाठी निळ्या गाड्याही दिल्या आहेत. हे स्तुत्यच आहे. परंतु पास दप्तरात आणि गाडी वेळेवर नाही, तर तो कागद काय कामाचा? साडेपाचची गाडी साडेचारला नेली, तरी कागदोपत्री फेऱ्या तेवढ्याच राहतात. मात्र पाचला सुटणाऱ्या शाळेच्या मुलींना ती गाडी बंद झाल्यासारखीच असते. एखादी मुलगी शेवटचा तास बुडवून निघते, पुढे रोजच निघते, आणि मग एक दिवस घरातले म्हणतात, आता पुरे.

शाळेच्या फेरीत आणखी एक गंमत आहे. गाडी खच्चून भरलेली असते, पण पासवाल्यांकडून वाहकाच्या पिशवीत नाणे पडत नाही. त्यांचे पैसे शासनाकडून निराळ्या वाटेने यावयाचे असतात. नुसती पिशवी तोलणारास ही फेरी हलकीच वाटणार.

म्हणून मार्ग बदलण्यापूर्वी फाट्यावर उभे राहून माणसे मोजली पाहिजेत. हे काम ग्रामपंचायतीला जमेल, आणि शाळेतील मोठ्या मुलांनाही जमेल. एक वही, सात दिवस आणि रोज दोन वेळा. किती जण चढले, कोठे निघाले, किती वाजता पोहोचणे त्यांना भाग होते आणि परतीची गाडी चुकली तर ते घरी कसे येतात, एवढे लिहावे. ग्रामसभेने ठरावासोबत हा कागद आगारात पाठवावा. ‘गैरसोय होते, तरी कृपा व्हावी’ असे मोघम अर्ज तेथे पुष्कळ येतात; आकड्यांना मात्र उत्तर द्यावे लागते. मोजताना बाजाराचा दिवस वेगळा दाखवावा, नाहीतर त्या एका दिवसाच्या गर्दीत उरलेल्या सहा दिवसांतल्या त्या दोन मुली दिसेनाशा होतात.