श्रोता संघांना निरोप

चाहत्यांचा मेळा जमतो तो वाजतगाजत. पांगतो तेव्हा मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही. रेडिओच्या श्रोता संघांचे असेच झाले.

डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात, त्यांना डोंगर अडवत नाहीत. त्यामुळे बालाघाटाच्या डोंगरातल्या धारूरलाही कोलंबो दूर नव्हते. दर बुधवारी रात्री आठ वाजता सारा देश कान टवकारून बसे. गावोगावी श्रोता संघ निघाले. गाण्यांची क्रमवारी लावताना रेकॉर्डांच्या खपाबरोबर या संघांचा कौलही विचारात घेतला जाई. फर्माइशीच्या पोस्टकार्डावर एका गाण्याखाली दहा नावे येत. ती आवडीने जुळलेली असत, जातीने किंवा आळीने नव्हे.

गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये तिचा मुख्य प्रवास थांबला. बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानीही गेले.

आज हवे ते गाणे हव्या त्या क्षणी खिशात वाजते. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. हरवले ते एकत्र वाट पाहणे, आणि त्यातून जडलेली अनोळखी माणसांची ओळख. तिला रीतसर निरोप द्यायचा, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आज एवढेच विचारा : तुम्ही कोणत्या गाण्यासाठी पत्र टाकले होते? मग ते गाणे त्यांच्याशेजारी बसून शेवटपर्यंत ऐका.