‘गेला असेल’ आणि ‘जात असे’

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘ये ओल्ड चेशर चीज’ या पबची वारी करून आलेले आपले साहित्यप्रेमी हमखास सांगतात, ‘डॉ. जॉन्सन जिथे बसत, तिथेच आम्ही बसलो!’ या विधानाला आधार काय? १६६६च्या आगीनंतर, १६६७ मध्ये, ही वास्तू नव्याने उभी राहिली. पुढे जॉन्सन हाकेच्या अंतरावर, गॉफ स्क्वेअरमध्ये राहत होता. एवढे निर्विवाद. परंतु बॉस्वेलने १७९१ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या पबचा उल्लेखदेखील नाही. तिथे पुन्हा पुन्हा भेटते ते ‘मायटर’ हे मद्यगृह. शेजारी म्हणून जॉन्सन इथे गेला असेलही. पण ‘गेला असेल’चे ‘जात असे’ होते, ते वाङ्मयेतिहासाच्या नव्हे, धंद्याच्या व्याकरणाने.

गंमत अशी, की या पबला खराखुरा वाङ्मयीन इतिहास आहे. १८९०च्या दशकात येट्स आणि त्याचे कविमित्र ‘राइमर्स क्लब’ या नावाने इथे जमत, परस्परांना कविता वाचून दाखवत. त्यांचे दोन संग्रह १८९२ आणि १८९४ मध्ये निघाले. ते कोण वाचतो?

वातावरणाचा आस्वाद घेऊ नये, असे कोण म्हणेल? बुटके छत, काळवंडलेले लाकूड, अंधाऱ्या खोल्या यांची मोहिनी खरीच आहे. मात्र मोहिनी म्हणजे पुरावा नव्हे. आणि वर्गात तिलाच पुरावा म्हणून मांडणारा प्राध्यापक विद्यार्थ्यांची फसवणूक करतो. १७५५चा शब्दकोश ज्या घरात सिद्ध झाला, ते घर संग्रहालय म्हणून आजही गॉफ स्क्वेअरमध्ये उभे आहे. पेला रिकामा झाल्यावर तिथवर चालत जायला काय हरकत आहे?