उष्ट्या हाताची पाळी

पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास सुट्टी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाने घालून दिले. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही मुळात तेच होते. आता सोसायटीच्या फाटकावरचा बारा तासांच्या पाळीचा सुरक्षारक्षक पाहा. मांडीवर डबा, तोंडात घास, तेवढ्यात हॉर्न! उष्ट्या हाताने फाटक उघडायचे. याला सुट्टी म्हणायचे? बदलीला माणूस असल्याशिवाय सुट्टी मिळत नाही, आणि त्याचा पगार ना एजन्सीला परवडतो, ना सोसायटीला (म्हणजे आपल्यालाच). सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. दिवस असा लांबणार असेल, तर सुट्टीही खरी हवी; मग कारखाना असो वा फाटक, कामगार निरीक्षकांनी हजेरीपटाबरोबर जेवणाच्या वेळी बदलीला कोण होते, याचीही नोंद मागावी.