मोडलेलं लग्न आणि राजाराम

मैत्रिणींनो, ठरलेलं लग्न मोडलं की आपल्याकडे पहिली धावपळ कशाची? दुसऱ्या स्थळाची! पोरीच्या डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसतं, तोवर मामा पत्रिका घेऊन हजर. वर "आता फार चिकित्सा करायची नाही हं," हे तिलाच ऐकवायचं. आमच्या धाडसारख्या गावात तर बातमी पिठाच्या गिरणीपर्यंत आधीच पोचलेली असते. मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही.

अशा घरातल्या बायकांनी सई परांजपे यांचा 'कथा' जरूर पाहावा. चित्रपट १९८३ चा, हिंदी; पण मूळ एस. जी. साठ्ये यांचं मराठी नाटक, आणि सगळा कारभार मुंबईच्या चाळीतला. बूट-चपलांच्या कंपनीत कारकुनी करणारा राजाराम (नसीरुद्दीन शाह) शेजारच्या संध्यावर (दीप्ती नवल) मनातून जीव टाकतो, पण बोलेल तर शपथ! त्याच्या खोलीत येऊन ठाण मांडतो बाशू (फारूख शेख). गोडबोल्या, थापाड्या, दुसऱ्याच्या जिवावर मजा मारणारा. चाळ त्याच्यावर खूश, संध्याही. लग्न ठरतं आणि हा पसार!

इथवर आपण पोट धरून हसत असतो. मग राजाराम तिला मागणी घालतो. संध्या त्याच्यापासून काही लपवत नाही. बाशूशी आपलं नातं किती जवळचं होतं ते सांगून टाकते. तरी राजाराम मागे सरत नाही. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तो तिला 'पदरात घेत' नाही. त्याला ती आधीपासून आवडते, तीच अजून आवडते, एवढंच.

माझी एक तक्रार आहे. संध्याला जरा सवड मिळायला हवी होती. एका हातातून सुटली ती दुसऱ्या हातात! राजाराम भला निघाला म्हणून बरं. प्रत्येक चाळीत राजाराम थोडाच असतो?

तेव्हा घरात असं घडलं तर काही महिने स्थळाचा विषय बंद ठेवा. तिला कामाला, कॉलेजला जाऊ द्या. नव्या मुलाला मागची हकीकत सांगायचीच, पण कधी आणि किती, ते तिला ठरवू द्या.

आमचे हे म्हणाले, "राजाराम फारच बावळट बुवा!" मी म्हटलं, "असू द्या. चाळीतल्या साऱ्या मुलींच्या आयांना विचारा, जावई कोण हवा ते."