व्हीलचेअर नको, फॉर्म द्या

आधी कबुली देऊन टाकते. २०१२ साली आम्ही दोघं पहिल्यांदा परदेशी निघालो, लेकीकडे अमेरिकेला, तेव्हा प्रत्येक विमानतळावर व्हीलचेअरवर बसून गेलो. माझं वय साठ, ह्यांचं चौसष्ट. गुडघे दोघांचेही ठणठणीत. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरायचा आणि मग चहा, हा आमचा साताऱ्यातला नेम. पण लेकीने तिकीट काढतानाच सांगून टाकलं होतं, "आई, दोघांसाठी व्हीलचेअर मागितलीय. ती ढकलणारा माणूस सगळं करतो. फॉर्म, रांगा, प्रश्न, काही बघावं लागत नाही."

आणि आम्ही "बरं" म्हणालो. का म्हणालो? पाय दुखत होते म्हणून नव्हे. इंग्रजी दुखत होतं म्हणून!

मी मराठी माध्यमाची बी.ए. बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक, ज्यांना सगळे कंट्रोलर म्हणतात. इंग्रजी वाचता येतं, बँकेचे कागद समजतात, पेपरातला अग्रलेखही डिक्शनरी घेऊन वाचलाय. पण समोरच्या काचेमागून कुणी भरभर प्रश्न विचारला की जीभ टाळ्याला चिकटते. उत्तर डोक्यात तयार असतं, तोंडात येत नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना मी काय म्हणते ते बरोबर कळेल.

तर खुर्चीत बसलो. मांडीवर पर्स, पर्समध्ये पासपोर्ट. खिडकीपाशी आलं की ढकलणारा मुलगा पासपोर्ट मागून घ्यायचा, प्रश्नांची उत्तरंही तोच द्यायचा. माझ्या डोक्यावरून दोघांचं संभाषण चाललेलं. मला वाटलं, आपण सामान झालो. सामानाला निदान वजन तरी विचारतात.

पण खरी लाज वाटली ती परतीच्या प्रवासात, मधल्या एका विमानतळावर. दुसरं विमान पकडायचं होतं. आमच्या दोन खुर्च्या दाराशी तयार होत्या. आमच्या मागून एक पंजाबी आजी उतरल्या, काठी टेकत, एक पाय फरफटत. त्यांच्यासाठी खुर्ची उरली नव्हती. "दुसरी येतेय," असं सांगून त्यांना भिंतीशी उभं केलं. हे एकदम उठले. एस.टी.त वयस्कर माणूस चढला की उठायचं, ही आयुष्यभराची सवय. आजींना म्हणाले, "बैठिये माताजी." आजींनी ह्यांच्या ताठ पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. मीही उठले आणि त्या लांबलचक मार्गिकेतून आम्ही दोघं सामान घेऊन चालत गेलो. पाट्यांवर बाण होते, आकडे होते. अर्ध्या तासात बरोबर दाराशी पोचलो. म्हणजे येत होतं की आम्हाला!

तेव्हापासून माझं एक मत बनलं आहे, ते आज मांडते. पटलं नाही तर सांगा. आपल्या मराठी माध्यमाच्या म्हाताऱ्यांनी आपला आपण पहिला प्रवास करायचा असेल, तर इंग्लंड-अमेरिकेला करू नये. जिथे इंग्रजी फारसं चालतच नाही अशा देशात जावं.

हे मत जपानने दिलं. २०१९ साली आम्ही दोघंच गेलो, तीन आठवडे. पुण्याच्या भाच्याने हॉटेलं आणि गाड्या ठरवून दिल्या, पुढे आमचे आम्ही. लेकीने फोनवर डोक्याला हात लावला. "तिथे कुणाला इंग्रजी येत नाही, तुम्ही काय करणार?" ह्यांनी शांतपणे सांगितलं, "मग बरंच झालं."

मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, तिथे चार तास बसायचं आणि मग टोकियोपर्यंत जवळजवळ सात तास. अमेरिकेच्या मानाने काहीच नाही. दर तासाला उठून मागच्या टोकापर्यंत एक फेरी, भरपूर पाणी आणि मधली वाट धरून खुर्ची, एवढं पाळलं की पाय सुजत नाहीत. घड्याळ साडेतीन तास पुढे. माझी झोप दोन दिवसांत रुळली, ह्यांची मात्र जपान सोडेपर्यंत साताऱ्यातच होती.

विमानात कार्ड वाटली. नाव, पत्ता, कुठे राहणार, किती दिवस. (हल्ली हे सगळं आधीच मोबाइलवर भरता येतं म्हणे.) या वेळी आमच्यासाठी लिहायला कुणी नव्हतं. चष्मा पुसला आणि वर्गात पेपर सोडवायला बसावं तसं दोघांचं लिहून काढलं. एका रकान्यात चूक झाली, खाडाखोड केली, जग बुडालं नाही.

नारिता विमानतळावर परदेशी माणसांच्या बोटांचे ठसे घेतात. माझ्या बोटांचे ठसे आधारच्या वेळीही नीट उमटले नव्हते. बत्तीस वर्षं खडू धरल्याचा परिणाम, असं मी म्हणते. यंत्र नाही म्हणेना नि हो म्हणेना. काचेमागचा तरुण मुलगा "प्रेस, प्रेस" म्हणाला. मग आणखी काही सांगायचं होतं, तो अडखळला, कान लाल झाले. शब्द आठवेना तेव्हा त्याने शेजारचं एक कार्ड उचलून वाचलं आणि शेवटी आपलीच बोटं काचेवर दाबून दाखवली. माझ्या मनात आलं, अरे, हा तर आपल्याच वर्गातला! यालाही येत नाही, आणि तरीही हा खुर्चीवर ताठ बसून आपलं काम करतोय. माझ्या पोटातला गोळा त्या क्षणी गेला तो आजपर्यंत परत आलेला नाही.

पुढची मजा तर मराठीने केली. निघण्याआधी भाच्याने काही वाक्यं सांगितली होती, ती मी दुरेघी वहीत देवनागरीत लिहून घेतली. जपानी भाषा देवनागरीत फार छान बसते, अ इ उ ए ओ असे स्वच्छ स्वर. त्यांची मुळाक्षरंही शाळेत याच क्रमाने शिकवतात आणि पुढे क स त न ह म य र व. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला त्यातून आला असं मानतात. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. "क्योतो नि इकिमासु" म्हणजे "क्योटोला जाते", त्यांचा 'नि' म्हणजे आपला 'ला', नावाच्या मागे चिकटलेला. आणि सगळ्यात गोड म्हणजे प्रश्न विचारताना शेवटी 'का' लावतात! "देसु का?" म्हणजे "आहे का?" इंग्रजीत प्रश्न करायचा तर आधी 'डू' की 'डज' याचा विचार करावा लागतो, तोवर बस निघून जाते. इथे सरळ वाक्य बोलायचं आणि शेवटी 'का' लावायचं. "तोइरे वा दोको देसु का?" (संडास कुठे आहे?) हे वाक्य मी इतक्या झोकात म्हणायचे की समोरचा जपानीत धडाधडा उत्तर द्यायचा आणि माझी पंचाईत व्हायची. मग तो हाताने दाखवायचा. हाताची भाषा सगळ्यांना येते.

संडासावरून आठवलं. अमेरिकेहून आलेल्या जाऊबाईंच्या कागदाच्या कथा ऐकलेल्यांनी जपानला अवश्य जावं. तिथे पाण्याची सोय असते, तीही कोमट! फक्त बाजूला दहा-बारा बटणं आणि त्यावर जपानी अक्षरं. पहिल्या दिवशी ह्यांनी बंद करायचं म्हणून जे बटण दाबलं त्याने कारंजं उडालं. पुढचं सांगत नाही, नातवंडंही वाचतात.

रस्त्यावर कचऱ्याचा डबा औषधालाही सापडत नाही. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर पुष्कळ ठिकाणचे डबे काढून टाकले. तरी कागदाचा कपटा दिसत नाही, ज्याचा कचरा तो घरी नेतो. आम्हीही केळीची सालं पिशवीतून हॉटेलवर न्यायचो. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं आणि ओसाकात उजवीकडे, हा एक गंमतशीर वाद, पुणे-मुंबईसारखाच. ह्यांचा जीव रमला तो स्टेशनांवर. मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने उच्चार करतो, म्हणजे डोळा, हात आणि तोंड तिघेही जागे राहतात. हे बघत ह्यांनी तीन गाड्या सोडल्या. शिनकानसेनचा तिकीट तपासनीस डब्यात शिरताना वाकून नमस्कार करतो, निघतानाही वळून करतो. "आमच्या कंडक्टरने असं केलं असतं तर तोवर स्टॉप गेला असता," इति आमचे कंट्रोलर.

खाण्याचे हाल झाले हे मात्र लपवत नाही. आम्ही दोघंही शाकाहारी. "निकु तो साकाना वा ताबेमासेन," मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य पाठ होतं. पण त्यांच्या साध्या सारातही माशाचं पाणी असतं आणि ते त्यांच्या दृष्टीने मासे खाण्यात मोडतच नाही. नकळत काय काय पोटात गेलं ते देवाला ठाऊक. उमेबोशी नावाचं आंबट-खारट फळ घातलेले भाताचे गोळे, बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या यांवर बरेचसे दिवस काढले. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

एक दिवस मात्र जन्मभर लक्षात राहील. १ एप्रिल २०१९. सम्राट अकिहितो त्या महिन्याअखेर पायउतार होणार होते आणि नव्या कालखंडाचं नाव जाहीर व्हायचं होतं. आम्ही चेरीचा बहर बघून उएनोजवळच्या एका छोट्या खानावळीत बसलो होतो. टीव्हीवर एका मंत्र्याने दोन अक्षरांची पाटी उचलून धरली आणि सगळी खानावळ "ओऽऽ" म्हणाली. नाव होतं 'रेइवा'. शेजारच्या आजोबांनी कागदी रुमालावर ती दोन अक्षरं काढून मला दिली, वळण दाखवत, सावकाश, जसं मी पहिलीच्या मुलांना 'ग' शिकवायचे. संध्याकाळी भाच्याने फोनवर सांगितलं, हे नाव 'मान्योशू' या त्यांच्या जुन्या काव्यसंग्रहातून घेतलंय. आजवरची नावं चिनी ग्रंथांतून घेत, पहिल्यांदाच स्वतःच्या भाषेतल्या ग्रंथातून घेतलं. रात्री मला झोप येईना. आपल्याकडेही महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' आहे, मान्योशूहून जुनी. माझ्या किती विद्यार्थ्यांना ती ठाऊक असेल? आणि मी तरी अभ्यासक्रमापलीकडे किती सांगितली? असो.

पाच दिवसांनी, ६ एप्रिलला, पाडवा आला. शके १९४१. क्योटोच्या हॉटेलात पारदर्शक छत्रीला माझा जरीचा रुमाल आणि वर उपडा स्टीलचा पेला लावून खिडकीत गुढी उभी केली. खोली आवरायला आलेल्या बाईंनी पाहिलं, दोन पावलं मागे सरकून हात जोडले आणि तेवढा कोपरा न झाडता गेल्या.

नारा गावी तोदाइजी मंदिरात काशाचा महाबुद्ध आहे, उंची सुमारे पंधरा मीटर. इ.स. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी केला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. चीनमार्गे तो ७३६ साली जपानला आला होता. डोळे रंगवायच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या, त्या जमलेल्या लोकांनी धरल्या, म्हणजे सगळ्यांचाच हात लागला. मी ह्यांना म्हटलं, "याला कुठे इंग्रजी येत होतं हो?" हे म्हणाले, "आणि व्हीलचेअरही नव्हती."

आता माझ्या मताला दोन आक्षेप येतील. पहिला, आता मोबाइल भाषांतर करतो, मग भीती कसली? करतो, आम्हीही वापरला. पण आमची भीती शब्द न समजण्याची नव्हती, चूक झाल्यावर समोरचा हसेल याची होती. जिथे समोरच्याची भाषा इंग्रजी असते तिथे चूक फक्त आपली असते. जपानात आम्ही निम्मी निम्मी वाटून घेतली. दुसरा आक्षेप, आजारी पडलात तर? खरा आहे. विमा उतरवला होता, औषधांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतली होती. यापलीकडे धोका असतोच, तो साताऱ्यातही असतो.

लेकीसारख्या सगळ्या प्रेमळ मुलांना एक सांगायचं आहे. तुम्ही काळजीपोटी करता, कळतं. पण तिकीट काढताना आधी आई-बाबांना विचारा, पाय दुखतात की जीभ? दोन्हींवर औषध वेगळं आहे. पाय दुखत असतील तर खुर्चीत बसण्यात कसलाही कमीपणा नाही, ती त्यांच्यासाठीच आहे. जीभ अडत असेल तर फॉर्मची एक कोरी प्रत आणून घरी भरून घ्या. चार प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारा, चुकू द्या, हसू नका. आम्ही तुम्हाला पाढे असेच शिकवले होते.

ह्यांच्या उजव्या गुडघ्याने आता खरोखर संप पुकारला आहे. अजिंक्यतारा बंद झाला, चार भिंतींपर्यंतसुद्धा जाववत नाही. दिवाळीनंतर लेकीकडे जायचं ठरतंय. परवा तिचा फोन आला, "आई, दोघांसाठी सांगू ना?"

म्हटलं, एकच सांग, बाबांसाठी. मी शेजारून चालत येईन, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये असतील. आणि विमानतळावर काही फॉर्म असलाच तर तो माझ्या हातात द्यायला सांग.