नाना पटोले : नोंद मतांची नव्हे, राजीनाम्यांची
विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. कोणत्या आमदाराने कोणता कौल दिला, याची नावनिशीवार नोंद क्वचितच उरते. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे आमदार नाना पटोले यांचा हिशेब राजीनाम्यांवरूनच मांडावा लागतो.

२००८ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर काँग्रेस सोडली. २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर प्रफुल्ल पटेल यांना सुमारे दीड लाख मतांनी हरवले आणि डिसेंबर २०१७ मध्ये, पुन्हा शेतकऱ्यांचेच कारण देत, खासदारकीवर पाणी सोडले. या दोन्ही वेळी जोखीम त्यांची स्वतःची होती.

तिसऱ्या वेळची किंमत महाविकास आघाडीने मोजली. काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षपदासाठी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले. ते तब्बल सतरा महिने रिक्त राहिले. जून २०२२ मध्ये शिवसेनेत बंड झाले तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांना काढाव्या लागल्या आणि बंडखोरांनी त्यांच्या अधिकारालाच आव्हान दिले. ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. तोवर सत्ता गेली होती.

२०२४ मध्ये साकोलीने पटोले यांना पुन्हा निवडले, पण अवघ्या २०८ मतांनी.